पाळणा हलण्यापूर्वीचा जमाखर्च



पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे अशी व्यासपीठे गावोगाव उभी राहिली, आणि त्यांच्यावरून सरकारी अंदाजपत्रकाची चर्चा आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. तूट किती, कर्ज किती, कर कोणावर बसला, हे आपणांस चांगले ठाऊक असते. परंतु ज्या अंदाजपत्रकाशी आपला प्रत्यक्ष संबंध येतो, त्याची वाच्यता कोठेही होत नाही. घरात मूल येणार हे कळल्यापासून ते मूल सहा महिन्यांचे होईपर्यंतचा जो जमाखर्च, त्याविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

विषय काढताच एक आक्षेप समोर येतो. बाळ जन्माला येण्याआधी पैशाची भाषा नको. ती अभद्र आहे. आपल्याकडे कित्येक घरांत बाळंतपणापूर्वी झबले शिवत नाहीत, पाळणा आणत नाहीत. या रीतीची आम्ही थट्टा करणार नाही. ज्या काळी जन्मलेली किती मुले जगतील याचा भरवसा नव्हता, त्या काळी रिकाम्या पाळण्याकडे पाहत बसण्याचे दुःख आईला होऊ नये, एवढी माया त्या रीतीत होती. परंतु झबले शिवणे निराळे आणि हिशेब मांडणे निराळे. हिशेबाला दृष्ट लागत नाही. न मांडलेल्या हिशेबाची झळ मात्र लागते.

शिवाय आपली जुनी माणसे तयारी करीत नव्हती, हेही खरे नव्हे. पहिले बाळंतपण माहेरी, हा नियम म्हणजे एक आर्थिक व्यवस्थाच होती. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होऊन मुलगी माहेरी आली, की तिच्या आईने डिंक, अळीव, खारीक, खोबरे, तूप यांची बेगमी केलेलीच असे. जुनी मऊ लुगडी दुपट्यांसाठी बाजूला पडलेली असत. सुईणीला धान्य आणि लुगडे द्यावयाचे, हे ठरलेले असे. पुढे बाळंतविडा जाई. यातले काहीही कागदावर नव्हते. परंतु सारे ठरलेले होते, आणि मुख्य म्हणजे ते दोन घरांत वाटले गेले होते.

आज ते माहेर कोठे आहे? ते दोन खोल्यांच्या सदनिकेत आहे. बाळंतिणीची आई स्वतः नोकरीवर आहे, नाहीतर गुडघेदुखीने बेजार आहे. सुईणीच्या जागी रुग्णालय आले, आणि ते आले हे फार चांगले झाले. त्यामुळे आया आणि मुले वाचली. पण जी व्यवस्था न बोलता चालत होती ती गेली, आणि तिच्या जागी बोलून, लिहून, ठरवून करावयाची व्यवस्था आपण अजून उभी केली नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, बातमी कळल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात नवराबायकोने एक वही घेऊन बसावे आणि तीत तीन रकाने आखावेत. पहिला रकाना दवाखान्याचा, दुसरा बाळाच्या वस्तूंचा व समारंभांचा आणि तिसरा बुडणाऱ्या पगाराचा. लोक पहिल्याची धास्ती घेतात, दुसऱ्यावर हौसेने खर्च करतात आणि तिसरा आखतच नाहीत. वास्तविक सर्वांत मोठा आकडा तिसऱ्यातच असतो.

प्रथम दवाखान्याचा रकाना घेऊ.

सरकारी रुग्णालय म्हणजे गोरगरिबांचे, अशी शहरी माणसाची समजूत आहे. तेथील गर्दी आणि गैरसोय आम्ही नाकारीत नाही. पण २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि रुग्णालयातील मुक्कामातले जेवण हे सारे मोफत देण्याची तरतूद आहे. नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्यसंस्थांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. पहिल्या खेपेला ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये देणारी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. तिचे निकष अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना विचारावेत. ज्याला खासगी रुग्णालयात जावयाचे आहे त्याने खुशाल जावे. पण सरकारी दाराकडे पाठ फिरवण्यापूर्वी तेथे काय मिळते हे एकदा आत जाऊन पाहावे.

खासगी रुग्णालयात जाणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खासगी रुग्णालयांत शंभरातील ४७ प्रसूती सिझेरियनने झाल्या. सरकारी संस्थांत हेच प्रमाण शंभरास १४ होते. हे असे का, हा वैद्यकशास्त्राचा आणि नीतीचा प्रश्न आहे. त्यात आज शिरत नाही. पण हिशेबापुरता निष्कर्ष उघड आहे. तरतूद सिझेरियनच्या खर्चाचीच करावी. गरज पडली नाही तर पैसे उरतील आणि ते लगेच उपयोगी पडतील. दुसरी गोष्ट अशी की, दर विचारण्यात संकोच नसावा. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांप्रमाणे खासगी रुग्णालयाने आपले दर आणि रुग्णहक्कांची सनद लावणे आवश्यक आहे. खोलीचे भाडे, शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि औषधे यांपैकी सांगितलेल्या रकमेत काय धरले आहे आणि काय नाही, हे आधी विचारून लिहून घ्यावे. आणि बाळाला काचेत ठेवावे लागले तर रोजचा आकार किती, हे तर अवश्य विचारावे. हा प्रश्न जिभेवर येत नाही, हे आम्ही जाणतो. पण तो सहाव्या महिन्यात शांतपणे विचारणे आणि रात्री दोन वाजता घाबरलेल्या बापाने विचारणे, यांत फार अंतर आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपणांस काय मिळू शकते, हे त्या योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला त्याच वेळी विचारून ठेवावे.

आता विम्याविषयी. स्वतः घेतलेल्या आरोग्यविम्यात प्रसूतीचा खर्च असलाच, तर त्याला बहुधा प्रतीक्षाकाल असतो. तो कोठे नऊ महिन्यांचा, तर कोठे काही वर्षांचा. म्हणून दिवस गेल्यावर घेतलेला विमा या बाळंतपणाला उपयोगी पडेल, या भरवशावर राहू नये. ज्यांचे लग्न नुकतेच ठरले आहे त्यांनी हे वाक्य घरी घेऊन जावे. नोकरीतील सामूहिक विम्यात पुष्कळदा पहिल्या दिवसापासून प्रसूतीचा समावेश असतो. पण त्याला रकमेची मर्यादा असते. ती मर्यादा किती आणि नवजात बाळाचे नाव किती दिवसांत घालावे लागते, हे कचेरीत आधीच विचारून ठेवावे.

दुसरा रकाना बाळाच्या वस्तूंचा. येथे आमचे बोलणे थोडक्यात आटोपेल, कारण तान्ह्या बाळाला लागते फार थोडे. लंगोट, झबली, टोपडी, दुपटी, एक जाड पांघरूण आणि आईची कूस. नात्यातील मुलांचे कपडे मागून आणण्यात कमीपणा नाही; अनेक धुण्यांनी मऊ झालेले कापड नव्यापेक्षा बाळाच्या अंगाला बरे. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून दुसरे काही लागत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुधाच्या पावडरीची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात बंदी आहे. वैद्याने गरज सांगितली तरच तो डबा घरात यावा. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातील लसी सरकारी केंद्रावर मोफत मिळतात.

खर्च फुगतो तो समारंभांनी. डोहाळजेवणाला सभागृह, फुलांची सजावट, छायाचित्रकार. बारशाला पुन्हा तेच. हौसेला मोल नसते असे म्हणतात, पण सभागृहाला असते. आणि हे मोल भरावयाचे कोणी? रीतीप्रमाणे मुलीच्या बापाने. पहिले बाळंतपण माहेरी होते म्हणून रुग्णालयाचे बिलही त्यानेच भरावे, अशी अपेक्षा सुशिक्षित घरांत आजही असते, आणि ती स्पष्ट बोलली जात नाही म्हणून अधिकच जाचते. मूल दोन्ही घरांचे आहे. त्याच्या नावापुढे तर बहुधा बापाच्याच घराचे आडनाव लागते. मग खर्चाच्या वेळीच ते आजोळचे कसे? माहेरच्या मायेला आमचा विरोध नाही. पण माया मागून घ्यावयाची नसते आणि तिची पावती फाडावयाची नसते. जावयाने आपण होऊन सासऱ्यांना सांगावे की, रुग्णालयाचे बिल आमच्या वहीत धरले आहे. या एका वाक्याने एका म्हाताऱ्या माणसाची कित्येक रात्रींची झोप परत येईल.

आता तिसरा रकाना. येथे आम्ही एक काल्पनिक जोडपे घेतो, म्हणजे आकडे बोलतील. नवऱ्याच्या हाती महिन्याला ३८ हजार येतात, बायकोच्या हाती २७ हजार. मिळून ६५ हजार. घरभाडे १४, किराणा-भाजी-दूध ११, गावी आईवडिलांना ५, स्कूटरचा हप्ता ४, वीज-फोन-प्रवास ६ आणि हॉटेल, खरेदी व किरकोळ ८. एकूण खर्च ४८ हजार. शिल्लक १७ हजार. बातमी दुसऱ्या महिन्यात कळली आणि सात महिने हाती आहेत. सात महिन्यांत १ लाख १९ हजार साठतील. त्यांतून तपासण्या व औषधे यांचे महिना ४ हजारप्रमाणे २८ हजार गेले, तर उरतील ९१ हजार. रुग्णालयाचे बिल समजा ८० हजार झाले. जोडपे म्हणेल, जमले की!

पण बायको सहा माणसांच्या लहानशा कचेरीत काम करते. तेथे रजा मिळेल, पगार मिळणार नाही. बाळंतपणानंतर सहा महिने घरात ३८ हजार येतील. खर्च जुने ४८ आणि बाळाचे व मदतीच्या बाईचे ६, मिळून ५४ हजार. म्हणजे दरमहा १६ हजारांची तूट, सहा महिन्यांची ९६ हजार. बिलाहून तूट मोठी! एकूण गरज १ लाख ७६ हजारांची, हाती ९१ हजार. कमी पडले ८५ हजार. येथेच बायकोच्या बांगड्या सोनाराकडे जातात, नाहीतर क्रेडिट कार्डाचे व्याज सुरू होते.

आता हेच जोडपे वही आधी मांडते असे समजा. किरकोळातून ५ हजार आणि प्रवास-फोनमधून १ हजार कमी केले. खर्च ४२ वर आला. किराणा-भाजी-दुधाच्या ११ हजारांना मात्र हात लावला नाही, आणि कोणी लावूही नये. गर्भारशीच्या ताटातून केलेली बचत ही बचतच नव्हे. आता दरमहा २३ हजार उरतात. सात महिन्यांचे १ लाख ६१ हजार, तपासण्या वजा जाता १ लाख ३३ हजार. पुढील सहा महिन्यांचा खर्च ४८, तूट दरमहा १०, एकूण ६०. बिलासह गरज १ लाख ४० हजार. पंच्याऐंशी हजारांचा खड्डा सात हजारांवर आला. उत्पन्न एका रुपयानेही वाढले नाही. केवळ तिसरा रकाना वेळेवर आखला गेला.

आणि जर त्या बाईला पगारी रजा असती तर? २७ हजारांचे सहा महिने, १ लाख ६२ हजार. खड्डा राहिलाच नसता. ही आहे एका कायद्याची एका घरातील किंमत. हा कायदा आपोआप आला नाही. गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रियांसाठी मुंबई इलाख्यात १९२९ साली प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याचे विधेयक १९२८ मध्ये कायदेमंडळापुढे आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा बराचसा भार सरकारने उचलावयास हवा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९६१ साली देशव्यापी कायदा आला आणि त्याने १२ आठवडे दिले. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ते २६ आठवडे झाले, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच मुदत ठेवलेली आहे.

म्हणून नोकरी करणाऱ्या भगिनींनी आपला हक्क नेमका जाणून घ्यावा. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत, आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झाले असेल, तर ही पगारी रजा ही मेहेरबानी नव्हे. तिच्यातील आठ आठवड्यांपर्यंतचा भाग प्रसूतीपूर्वी घेता येतो. या रजेच्या काळात त्या कारणाने कामावरून काढता येत नाही. कर्मचारी राज्य विम्याखाली असलेल्या बाईला हा लाभ त्या महामंडळाकडून मिळतो. अर्ज लेखी करावा आणि त्याची पोच ठेवावी. बापाची गोष्ट निराळी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, पण खासगी नोकरीत कायद्याने तशी रजा नाही. म्हणून खासगी नोकरीतल्या नवऱ्याने आपली हक्काची रजा सहलीत न संपवता या दिवसांसाठी शिल्लक ठेवावी; तीही वहीत जमेच्या बाजूला लिहावी.

आणि जिच्या हातून बाळंतीण न्हाऊमाखू होते, ती बाई? तिला स्वतःच्या बाळंतपणात कोणी पगारी रजा दिली होती काय? हा प्रश्न आम्ही सभेपुढे ठेवून पुढे जातो. उत्तर प्रत्येकाने आपापल्या घरी द्यावे.

रजा संपते तेव्हा घरात आणखी एक हिशेब मांडला जातो, आणि आमच्या मते तो साफ चुकीचा असतो. तो असा: तिचा पगार २७ हजार, पाळणाघराचे समजा ८, येण्याजाण्याचे ३, वरकामाच्या बाईचे ४, उरले १२ हजार. एवढ्यासाठी एवढी दगदग कशाला? सोडून दे. हे बोलणारे प्रेमानेच बोलतात. परंतु पाळणाघराचा खर्च एकट्या आईच्या पगारातून का वजा करावयाचा? मूल दोघांचे, तर तो ६५ हजारांतून वजा व्हावा. दुसरे असे की, २७ हजार हा तिचा आजचा पगार आहे, दहा वर्षांनंतरचा नव्हे. नोकरी सुटली की वेतनवाढ, ज्येष्ठता आणि भविष्यनिर्वाह निधीत पडणारी मालकाची भर हे सारे सुटते. आणि चार वर्षांनी परत दार ठोठावणाऱ्या बाईला जुन्या जागी कोणी बसवीत नाही. ज्या आईला मनापासून घरी राहावयाचे आहे तिने अवश्य राहावे. तो निर्णय आदराचाच आहे. पण तो तिने घ्यावा; चुकीच्या वजाबाकीने तिच्यावर लादू नये. आणि ती घरी राहिली तर नवऱ्याने तिच्या नावे दरमहा काही रक्कम स्वतंत्र टाकावी, म्हणजे तिच्या उतारवयाचा निधी अडणार नाही.

आता बाळाच्या भविष्याविषयी दोन शब्द. बारशाच्या पंगतीतच कोणीतरी ओळखीचे गृहस्थ मुलाच्या नावाची विमा पॉलिसी घेऊन येतात. त्यांना पेढा द्यावा आणि थांबावयास सांगावे. मुलाला कोणी पोसावयाचे नसते; पोसणारे आईबाप असतात. म्हणून क्रम असा ठेवावा. आधी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाएवढी गंगाजळी. मग कमावत्या आईचा व बापाचा साधा मुदतीचा आयुर्विमा. मग सर्वांचा आरोग्यविमा. आणि त्यानंतर मुलाच्या शिक्षणाची बचत. जन्माची नोंद २१ दिवसांत करून घ्यावी. २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे. मुलगी झाली तर सुकन्या समृद्धी खाते दहा वर्षांच्या आत वर्षाला अवघ्या २५० रुपयांपासून चालवता येते. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरांत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला राज्याच्या लेक लाडकी योजनेतून टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे.

मंडळी, आम्ही सांगितलेल्या या वहीला विद्वत्ता लागत नाही, बेरीज-वजाबाकी पुरते. अडचण गणिताची नाही, संकोचाची आहे. नवरा तूट सांगत नाही, कारण बायकोला या दिवसांत काळजी नको. बायको आपल्या नोकरीविषयी बोलत नाही, कारण लोक तिला हौशी म्हणतील. सासरे विचारत नाहीत, जावई सांगत नाही. प्रत्येक जण दुसऱ्याला जपतो, आणि त्या जपण्यात ८५ हजारांचा खड्डा निमूटपणे पडत राहतो. तेव्हा वहीत दोघांचेही हस्ताक्षर असू द्या. खर्च एकाने लिहिला तर बेरीज दुसऱ्याने करावी. येणाऱ्या जिवासाठी दोघांनी मिळून केलेले ते पहिले काम ठरेल; आणि त्याला मुहूर्त पाहावा लागत नाही.